भेगेवरची तारीख

मे संपत आला की वर्ध्याहून आर्वीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रिकामी वावरं दिसतात. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात. वखर फिरलेला नाही अशा तुकड्यात काळी जमीन इतकी तडकलेली असते की भेगेत कोपरापर्यंत हात जावा. आंजी (मोठी) हे याच पट्ट्यातले, धाम नदीच्या खोऱ्यातले मोठे गाव. इथल्या शेतकऱ्याला या भेगांची काळजी नसते. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की जमीन फुगते आणि भेगा मिटतात, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते.

पण वावरात जी माती आहे, तीच घराखालीही आहे. वावरातली भेग उघड्यावर दिसते. घराखाली तीच हालचाल जोत्याच्या आड चालते आणि वर भिंतीत उमटायला तिला कधी दोन वर्षे लागतात, कधी दहा. मधल्या काळात तिच्या बारीक बारीक खुणा घरात दिसत असतात. त्या ओळखता आल्या तर थोडक्या खर्चात काम भागते. आणि त्या ओळखण्यासाठी इंजिनिअरच असावे लागते असे नाही. घरात रोज वावरणाऱ्या माणसाला त्या सर्वांत आधी दिसू शकतात.

दख्खनचा काळा पाषाण झिजून तयार झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याचे कण एकावर एक ठेवलेल्या पापुद्र्यांसारखे असतात. पाणी मिळाले की ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि माती फुगते. पाणी उडाले की पापुद्रे पुन्हा जवळ येतात आणि माती आक्रसते. कापसाला हीच माती मानवते, कारण पावसाळा संपल्यावरही ती पोटात ओल धरून ठेवते. घराला मात्र ती त्रासाची. घराच्या मध्यभागाखालची जमीन ऊन-पावसापासून झाकलेली असल्याने तिच्यातली ओल फारशी बदलत नाही. कडेची जमीन उन्हाळ्यात कोरडी होऊन खाली बसते आणि पावसाळ्यात वर येते. चौरंगाचा एकच पाय दरवर्षी थोडा वर, थोडा खाली होत राहिला तर वर ठेवलेल्या वस्तूंचे जे होईल, ते भिंतींचे होते.

म्हणूनच या भागातले जाणते गवंडी काळ्या मातीवर पाया थांबवत नाहीत. खाली मुरूम लागेपर्यंत खोदतात. जिथे काळ्या मातीचा थर फारच जाड आहे, तिथे वेगळा उपाय करावा लागतो. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी खाली कंदासारखा फुगीर केलेला काँक्रीटचा खांब विकसित केला. हा खांब जमिनीच्या हलत्या थरातून खाली जाऊन स्थिर थरात घट्ट बसतो. पण गावातल्या बहुतेक घरांच्या वाट्याला असला पाया येत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घरासाठी ठरलेले अनुदान १ लाख २० हजार रुपयांचे आहे आणि घर किमान २५ चौरस मीटरचे हवे. एवढ्या पैशांत भिंती, स्लॅब, दारे सगळे बसवायचे म्हटल्यावर काटकसर होते ती जमिनीखाली, जिथे कोणाला दिसत नाही तिथे. यात घरमालकाला दोष देण्यासारखे काही नाही. मातीच्या घरातून पक्क्या घरात जाणाऱ्या कुटुंबाला छत आधी हवे असते. मात्र अशा घराकडे पहिली काही वर्षे बारकाईने पाहत राहणे जरुरीचे ठरते.

पहिली खूण बहुधा दाराशी दिसते. कालपर्यंत अलगद लागणारे दार घासायला लागते, कडी कोंढ्यात बसेना होते. पावसाळ्यात लाकूड फुगते हे खरे, आणि म्हणून पुष्कळदा याकडे कोणी लक्ष देत नाही. पण फरक ओळखता येतो. लाकूड फुगले असेल तर दार साधारण सगळ्या कडांना सारखे घट्ट होते आणि दिवाळीनंतर पुन्हा सैल पडते. चौकटच तिरपी झाली असेल तर दार एका वरच्या कोपऱ्यात घासते आणि दुसऱ्या कोपऱ्यात पाचरीसारखी फट दिसते, वर रुंद, खाली निमुळती होत गेलेली. लोखंडी चौकटीच्या खिडकीत हे आणखी स्पष्ट कळते, कारण लोखंड काही पावसाने फुगत नाही.

दुसरी खूण म्हणजे भेग. तिच्याबद्दल दोन टोकाच्या समजुती आहेत. कोणी भिंतीवर केसाएवढी रेघ दिसली तरी घाबरतो, तर कोणी बोट जाईल एवढी भेगही पुट्टीने भरून वर रंग मारतो. खरे तर भेगेला आकार असतो आणि तो वाचता येतो. नव्या प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या बारीक रेघा प्लास्टर वाळताना पडलेल्या असतात. त्यांनी घराला काही होत नाही. काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथे सरळ उभी बारीक रेघ पडते, कारण दोन्ही वस्तू उन्हाने सारख्या फुगत नाहीत. तीही बहुतेक वेळा निरुपद्रवी असते.

वर्ध्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्यामुळे इथे आणखी एक भेग हमखास आढळते, वरच्या मजल्याच्या भिंतीत, छताच्या अगदी खाली, आडवी. १० मीटर लांबीच्या स्लॅबचे तापमान ३० अंशांनी वाढले तर तो साधारण ३ मिलिमीटर लांबतो. दिवसा लांबतो, रात्री आखडतो, आणि दर वेळी खालच्या विटांना सोबत ओढू पाहतो. गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला की स्लॅब कमी तापतो आणि ही ओढाताण कमी होते. ही भेग दिसली म्हणून पायाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र पावसाचे पाणी तिच्यातून आत येऊ लागले तर तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

चिंता करायची ती तिरप्या भेगेची. दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून निघून विटांच्या सांध्यांवरून पायऱ्या-पायऱ्यांनी वर किंवा खाली जाणारी, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला बारीक अशी ही भेग असते. घराचा एक भाग दुसऱ्यापेक्षा जास्त खचल्याची किंवा उचलला गेल्याची ती खूण. तीच भेग भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही बाजूंना त्याच जागी दिसत असेल, तर ती प्लास्टरची उरत नाही, भिंतीची असते.

ही अडचण केवळ विदर्भाची नाही. लंडन शहराचा मोठा भाग फुगणाऱ्या चिकणमातीवर उभा आहे. १९७६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये मोठा दुष्काळ पडला, ती माती आक्रसली आणि घरांना तडे गेल्याच्या तक्रारींनी विमा कंपन्या हैराण झाल्या. त्यानंतर तिथल्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने भेगांच्या रुंदीवरून नुकसानीच्या पायऱ्या ठरवल्या. १ मिलिमीटरपर्यंतची भेग किरकोळ, ५ मिलिमीटरपर्यंतची सौम्य, ५ ते १५ मध्यम, त्यापुढे गंभीर, आणि २५ मिलिमीटरच्या वरची अतिगंभीर. हे आकडे आंजीतही तितकेच कामाचे आहेत. मोजायला साधी शाळेतली पट्टी पुरते. एक रुपयाच्या नाण्याची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास असते. नाणे कडेने भेगेत जात असेल तर भेग पहिल्या पायरीच्या पुढे गेली असे समजायला हरकत नाही.

भेग केवढी आहे यापेक्षाही ती हलते आहे का, हे जास्त महत्त्वाचे. दहा वर्षांपूर्वी पडलेली आणि तेव्हापासून तशीच असलेली भेग फारशी धोक्याची नसते, पण या वर्षी पडून दर महिन्याला वाढणारी बारीक रेघ जास्त घातक ठरू शकते. ते तपासण्याची रीत जुनी आणि जवळजवळ फुकटची आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची. मधोमध, भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका देऊन त्यांतले अंतर लिहून ठेवायचे. इंजिनिअर लोक भेगेवर आडवी काचपट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवतात. भेग थोडी जरी सरकली तरी काच तडकते. काळ्या मातीच्या घरात ही नोंद वर्षातून निदान दोनदा व्हायला हवी. एकदा रोहिणी नक्षत्रात, जमीन सर्वांत कोरडी असताना, आणि दुसऱ्यांदा सप्टेंबरच्या अखेरीस, ती पुरती भिजलेली असताना. उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटत जाणारी भेग मातीच्या हालचालीची असते. दोन्ही ऋतूंत वाढतच जाणाऱ्या भेगेचे कारण वेगळे आणि जास्त गंभीर असण्याचा संभव असतो.

जमीन सगळीकडे सारखी भिजली आणि सारखी वाळली तर घर त्यातल्या त्यात सुखी असते. त्रास होतो तो एकाच कोपऱ्याला पाणी मिळाले की. विदर्भात हा कोपरा पुष्कळदा कूलरखालचा असतो. मार्च-एप्रिलपासून जूनपर्यंत खिडकीत बसवलेला कूलर ठिबकत राहतो, पाणी भिंतीवरून जोत्यावर आणि जोत्यावरून जमिनीत मुरते. आजूबाजूची जमीन वाळून तडकलेली असताना तेवढी एक जागा तीन महिने ओली राहते आणि फुगते. न्हाणीचे सांडपाणी, भिंतीला खेटून खणलेला शोषखड्डा, फुटलेली नाली, गच्चीवरून थेट पायाशी सोडलेले पावसाचे पाणी यांचाही परिणाम तसाच. उपाय सोपे आहेत. कूलरखाली पन्हळ लावून पाणी दूर न्यावे, शोषखड्डा घरापासून लांब खणावा, घराभोवती बाहेरच्या दिशेला उतार देऊन तीन-चार फूट रुंद फरशी घालावी. या फरशीवर होणारा खर्च काळ्या मातीवरच्या घराला रंगापेक्षा आणि टाइल्सपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतो.

झाडाचे गणित थोडे नाजूक आहे. घराला लागून असलेला मोठा निंब किंवा पिंपळ मुळांनी जमिनीतली ओल ओढून घेतो आणि त्या बाजूची माती जास्त आक्रसते. पण जुने झाड एकाएकी तोडले तर आजवर ते पीत होते ते पाणी मातीतच राहते, माती फुगते आणि घर उलट्या बाजूने उचलले जाते. झाड लावताना अंतर ठेवावे हे उत्तम. आधीपासून असलेल्या झाडावर कुऱ्हाड चालवण्यापूर्वी मात्र जाणकाराला विचारावे.

आंजीसारख्या गावात आजही जुनी मातीची घरे सिमेंटच्या घरांना लागून उभी असतात. मातीच्या भिंती, सागवानी मयाल, फाटे, वर कवेलू, पुढे ओसरी आणि मागे कोठा. या घरांना कच्ची म्हणायची पद्धत पडली आहे. पण एका बाबतीत ती आजच्या घरांपेक्षा फार पुढे होती. त्यांची तपासणी आपोआप, ठरल्या वेळी होत असे.

उन्हाळ्याच्या शेवटी कवेलू फेरले जायचे. एकेक कवेलू उचलून, फुटलेले बदलून पुन्हा बसवताना खालच्या फाट्यांना घुण लागले आहे का, मयालीवर पाण्याचा डाग आहे का, हे फेरणाऱ्याच्या नजरेस यायचेच. सणाच्या आधी बाया भिंती छाबायच्या, पांढऱ्या मातीने पोतारायच्या, जमीन शेणाने सारवायच्या. सारवणारा हात घराच्या इंच न् इंच जागेवरून फिरायचा. कुठे जमीन खोलगट लागते, कुठे भिंतीच्या पायथ्याशी माती भुसभुशीत झाली आहे, कुठे उंदराने बीळ केले आहे, कुठल्या कोपऱ्यात वाळवीची, म्हणजे उधईची, ओली नळी चढते आहे, हे त्या हाताला कळायचे आणि तो लगेच तिथे मातीचा गोळा भरायचा. या कामाला कोणी घराची तपासणी म्हटले नाही, पण वर्षातून दोन-तीनदा होणारी ती पक्की तपासणीच होती आणि ती बायांच्या हातात होती. सिमेंट आले आणि हे कष्ट वाचले, ते बरेच झाले. पण कष्टांबरोबर पाहणीही गेली, आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही.

ही जुनी पद्धत अजून पाहायची असेल तर आंजीहून सेवाग्राम दूर नाही. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावात राहायला आले. हेच गाव पुढे सेवाग्राम झाले. तिथल्या घरासाठी ५०० रुपयांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही आणि साहित्य आसपासचेच वापरायचे, ही त्यांची अट होती. आदिनिवास हे घर आणि गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी उभारलेली, पुढे बापू कुटी झालेली झोपडी, दोन्ही माती, लाकूड, बांबू आणि कवेलूंची. मातीच्या घराला आयुष्य किती, असे विचारणाऱ्यांसाठी ही कुटी जवळजवळ ९० वर्षे उभी आहे. ती टिकली, कारण तिच्याकडे दर वर्षी पाहिले जाते. भिंती लिंपल्या जातात, कवेलू फेरले जातात, पावसाचा मारा भिंतीला बसू नये म्हणून पावसाळ्याआधी पानांच्या झांज्या, म्हणजे पडदे, बांधल्या जातात. वर्ध्याजवळच दत्तपूरला असलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने १९७० च्या दशकापासून मातीच्या बांधकामावर काम केले आहे.

मातीच्या घराचे नुकसान कसे होते हे गावाला ठाऊक असते: झडीत. चार-सहा दिवस सूर्य दिसत नाही, पाऊस थांबता थांबत नाही, पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून भिंतीच्या पायथ्यावर उडत राहते. पायथा भिजतो, मऊ होतो, थोडा थोडा धुपतो. वरची भिंत कोरडी आणि धडधाकट दिसत असते. तिचे वजन मात्र आता आधीपेक्षा कमी रुंदीच्या, ओल्या मातीवर आलेले असते. पायथ्याशी जनावराने चाटल्यासारखी खोबण दिसली, ओलीची रेघ रोज वर सरकताना दिसली किंवा दोन भिंतींच्या सांध्यात वरून खाली उभी फट पडली, तर त्या भिंतीशी कोणाला झोपू देऊ नये. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत वर्धा जिल्ह्यात अशी पुष्कळ घरे पडली.

या घरांचे सर्वांत मोठे छुपे नुकसान मात्र चांगल्या हेतूने होते. चार पैसे हाती आले की मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचे प्लास्टर केले जाते. घर पक्के झाल्यासारखे दिसते. मातीची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि उघड्या पृष्ठभागातून ती बाहेर सोडते. सिमेंटने ही वाट बंद होते. ओल आत कोंडते. प्लास्टर मातीला नीट धरत नाही, मध्ये पोकळी राहते, आणि वर एखादी तड पडली की तिच्यातून शिरलेले पावसाचे पाणी त्या पोकळीत उतरत राहते. बाहेर गुळगुळीत कवच, आत चिखल. अशा भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत गेले की जिथे प्लास्टर सुटले आहे तिथे पोकळ, बोदा आवाज येतो. मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा हवा.

दगडमातीच्या भिंतीची खूण आणखी वेगळी असते: पोट. मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतर दमून झोपलेल्या किल्लारी आणि आसपासच्या गावांवर भूकंपाने जो घाला घातला, त्यात हजारो माणसे जाड दगडी भिंती आणि मातीचे जड धाबे यांच्याखाली दबली. दोन-अडीच फूट जाडीच्या त्या भिंती बाहेरून अभेद्य दिसत. पण पुष्कळ भिंती म्हणजे दगडांचे दोन वेगळे पडदे होते, आतला आणि बाहेरचा, आणि मध्ये माती-गोटे भरलेले. दोन्ही पडद्यांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते. अशा भिंतीत पाणी मुरत गेले की मधला भराव खाली बसतो आणि बाहेरचा पडदा हळूहळू फुगून बाहेर येतो. भूकंप झाला नसता तरी या भिंती कमजोरच होत्या. लाकडी खांबांवर छत पेललेली खणाची घरे त्याच गावांत तुलनेने तगली, कारण भिंत पडली तरी छत खांबांवर राहिले. पुढे दुरुस्तीच्या कामात उभ्या भिंतींना भोके पाडून त्यांत आरपार दुवे बसवण्यात आले. भिंतीला पोट आहे का हे पाहायला दोरी आणि दगड पुरतो. वरून ओळंबा सोडला की भिंत दोरीला कुठे टेकते आणि कुठे दूर जाते ते डोळ्यांना दिसते. गवंड्याकडे ओळंबा असतोच. तो घर बांधून झाल्यावरही कधीमधी लावून पाहायला हवा.

स्लॅबच्या घरात नुकसान लोखंडातून सुरू होते. काँक्रीट ताजे असताना इतके अल्कधर्मी असते की आतल्या सळईला गंज चढत नाही. वर्षांनुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, हा गुण कमी होत जातो, आणि त्यातच पाणी पोहोचले की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. तेवढी जागा आत नसते, म्हणून तो काँक्रीट फोडतो. सळईवर काँक्रीटचे आवरण किती, यावर सगळे अवलंबून असते. भारतीय मानकाप्रमाणे साध्या परिस्थितीत स्लॅबला किमान २० मिलिमीटर आणि खांबाला साधारणपणे ४० मिलिमीटर आवरण हवे. स्लॅब ओतताना सळईखाली ठेवायचे सिमेंटचे ठोकळे विसरले की हे आवरण कागदावरच राहते.

आधी छतावर तपकिरी डाग उमटतो. मग सळईच्या रेषेत सरळ लांब भेग पडते. मग पोपडा फुगतो, आणि एके दिवशी खाली पडतो. छज्जे, गॅलरी आणि न्हाणीखालचे छत इथे हे सर्वांत आधी घडते, कारण तिथे पाणी असते. पडलेल्या पोपड्यावर सिमेंटचा हात मारून रंग देणे ही सर्रास होणारी चूक आहे. गंज आत तसाच चालू राहतो. सुटलेले काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक लावून, आणि मुख्य म्हणजे पाणी येण्याची वाट बुजवून मगच वरचा भाग भरायचा असतो. अलीकडे खेड्यांतही पीओपीची खोटी छते आली आहेत. ती सुंदर दिसतात, पण वरचा डाग पाहायचा रस्ताच बंद होतो. न्हाणीखाली तरी असे छत घेऊ नये, आणि घेतलेच तर उघडता येईल अशी एक झडप ठेवावी.

खांबाबद्दल शंका आली की वाट पाहू नये. घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ जण गेले. तळमजल्यावरच्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा ठपका तेव्हा ठेवला गेला. महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी पडली तेव्हा तिचे वय १० वर्षांच्या आसपास होते. तिथे १६ जण दगावले. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना स्थैर्याची तपासणी कायद्याने बंधनकारक आहे, आणि तिथल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींची म्हाडा दर वर्षी पावसाळ्याआधी पाहणी करून अतिधोकादायक यादी लावते. गावातल्या दुमजली घराची अशी यादी कोणी करत नाही. गावातही आता दुकानासाठी ओसरीतला खांब काढणे, जुन्या भिंतीवर दुसरा मजला चढवणे असे प्रकार होतात.

धोका तोंडाशी आला की काही खुणा एकदम दिसतात. वरून ताजी माती किंवा सिमेंटची भुकटी गळू लागते, भिंतीतून तडतड आवाज येतो, घरातली दारे-खिडक्या एकाच वेळी अडकतात, बारीक भेग काही तासांत रुंदावते, खांबाच्या बाजूचे काँक्रीट फुगून सुटू लागते. तेव्हा सामान न काढता सगळ्यांनी बाहेर पडायचे. ऑक्टोबर २०२० मध्ये डोंबिवलीच्या कोपर भागात वेब सीरिज पाहत पहाटे चारपर्यंत जागा असलेल्या १८ वर्षांच्या मुलाला स्वयंपाकघराचा भाग ढासळताना दिसला. त्याने घरच्यांना आणि शेजाऱ्यांना उठवले, सुमारे ७५ माणसे बाहेर आली आणि त्यानंतर ती दुमजली इमारत पडली.

ओल आणि वाळवी यांची जोडी असते. जमिनीतून चढणारी ओल भिंतीच्या खालच्या तीन फुटांत राहते आणि वरच्या कडेला पांढरा खार फुलवते. वरून येणारी ओल छताशी डाग पाडते. फुटलेल्या नळाची ओल पावसाशी काही संबंध न ठेवता एकाच जागी बाराही महिने असते. शंका असेल तर भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावावा आणि दोन दिवसांनी काढून पाहावा. थेंब कागदाच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येते आहे. टाकीचे पाणी कुठे जाते हे पाहायचे असेल तर रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या पातळीवर खडूची खूण करावी, सकाळी ती पुन्हा पाहावी. ओल्या भिंतीतून वीजही उतरते. बटणाला किंवा कूलरला हलका झटका बसला तर आधी मेन स्विच बंद, मग वायरमन.

वाळवीला ओल लागते, म्हणून ती ओल्या कोपऱ्यातून चढते. चौकटीच्या कडेला पेन्सिलीएवढी मातीची नळी दिसली तर थोडीशी मोडून पाहावी. दोन दिवसांत ती पुन्हा भरली तर आत वस्ती आहे. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पाखरे येतात ती बाहेरून आलेली असू शकतात, पण बंद खोलीत, खिडकीच्या आत पंखांचा सडा दिसला तर ती घरातूनच निघाली आहेत. लाकूड वरून अखंड दिसते आणि आतून पोखरलेले असते. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक चौकटीच्या पायथ्याशी दाबले आणि ते सहज आत गेले, तर चौकट गेली. बांबूखाली आणि फाट्यांखाली पिठासारखा भुसा पडत असेल तर तो घुणाचा; तो झाडून टाकल्यावर पुन्हा पडतो का, ते पाहिल्यावर किडा जिवंत आहे की जुना, हे कळते.

गावात हे सगळे पाहण्याची वेळ ठरलेलीच आहे. पाऊस ओसरलेला असतो, जमीन भिजलेली असते, भिंतींवरच्या ओलीच्या रेघा अजून वाळलेल्या नसतात, आणि दसरा-दिवाळीच्या निमित्ताने प्रत्येक घरात पेटी, कपाट, पलंग भिंतीपासून पुढे ओढले जातात. त्यांच्यामागची भिंत वर्षातून तेवढी एकदाच दिसते. तेव्हा मोबाइलवर तिचे फोटो काढून ठेवावेत. पुढच्या वर्षी तुलना करता येते, आणि अतिवृष्टीत नुकसान झालेच तर पंचनाम्याच्या वेळी आधीची स्थिती दाखवता येते. मे महिन्यात पेन्सिलीने खूण केलेल्या भेगेजवळ आता दुसरी तारीख लिहायची असते. ते झाल्यावर मगच रंगाऱ्याला बोलवावे, आणि ती फूटभर जागा दाखवून सांगावे की बाकी सगळी भिंत रंगव, एवढ्या भागावर यंदा पुट्टी मारू नकोस.